लाल झाकण

फॅटकाकूच्या अंगावर मूठभरही मांस नव्हतं. वारा सुटला तर हिला दोरीनं बांधून ठेवा, असं तिचा नवराच म्हणायचा. नाव पडलं होतं ते दुधावरून. गावच्या दूध सेंटरवर तिच्या म्हशींचं दूध यंत्रात गेलं की फॅटचा आकडा असा चढायचा, की मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघून नाकं मुरडायच्या. मुरडू देत. नाक त्यांचं, दूध हिचं.

सेंटरवाल्यानं एक खूळ काढलं होतं. ज्या घरचा आकडा सगळ्यात जास्त, त्या घरच्या कॅनला लाल झाकण, बाकीच्यांना पांढरं. गाडी भरलेले कॅन घेऊन शहरात जायची आणि संध्याकाळी रिकामे परत आणायची. मग लाल झाकणाचा कॅन काखेत मारून फॅटकाकू घरी निघायची. जवळची वाट सोडून लांबच्या वाटेनं निघायची, कारण जवळच्या वाटेवर घरं कमी होती.

पण यंदाच्या उन्हाळ्यानं घात केला. हिरवा चारा संपला, विहिरीनं तळ गाठला, म्हशी दिवसभर धापा टाकत उभ्या. दूध आटलं ते आटलंच, आकडाही खाली आला. आणि लाल झाकण गेलं कुणाकडे? तर थोरलीकडे. थोरली म्हणजे फॅटकाकूची मोठी जाऊ. वाटण्या होऊन कैक वर्षं झाली होती. दोघींच्या अंगणात मध्ये छातीएवढी भिंत होती, आणि त्या भिंतीवरून विरजण आणि टोमणे यांची देवाणघेवाण चालायची.

"यंदा तुझ्या म्हशींना झालंय तरी काय गं?" थोरली भिंतीवरून विचारायची. "कुणाची नजर तर नाही ना लागली?"

"लागली असेल. डोळे काही लांब नाहीत," फॅटकाकू म्हणायची आणि शेणाची पाटी दणकन आपटायची.

घरात सून होती, पोटुशी, आठवा महिना लागलेला. ती शिंप्याची लेक. तिच्या माहेरी जनावर म्हणून मांजरसुद्धा नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा धार काढायला बसली तेव्हा म्हशीनं लाथ झाडली. बादली सुनेच्या अंगावर आणि सून शेणात. "म्हैससुद्धा माणूस ओळखते," असं फॅटकाकू तेव्हा म्हणाली होती, आणि नंतरही संधी मिळेल तेव्हा म्हणायची. सुनेच्या हाताला चव होती, शिलाई सरळ होती, तोंडाला उलट उत्तर नव्हतं. पण ज्या घरात माणसाची किंमत धारेवरून ठरते, तिथं शिलाईला कोण विचारतो? दोन वर्षांत त्या पोरीला कुणी एकदासुद्धा शाब्बास म्हटलं नव्हतं.

अशात आरोग्यताईनं गावातल्या पोटुश्या बायकांना शाळेत बोलावलं. शहरातल्या दवाखान्यानं यंत्रं पाठवली होती. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, आकडा दिसतो. आणि घरातला मोबाइल जवळ असला की तो आकडा आपोआप शहरात नर्सबाईंना कळतो. बाई घरात, नजर दवाखान्याची.

सुनेचे पाय सुजले होते, शाळा लांब होती. "तू बस. यंत्रातलं तुला काय कळणार? मी रोज सेंटरवर बघते," असं म्हणून फॅटकाकू स्वतःच गेली.

आरोग्यताई बिचारी अगदी फोड करून सांगत होती. पण पुढच्या बाकावर थोरली बसली होती. तिचीही सून त्याच वाटेवर, फक्त दोन महिने मागे. थोरलीनं मान वळवली आणि हळूच म्हणाली, "आजही झाकण आमच्याकडेच हो." झालं! फॅटकाकूनं मनातल्या मनात उत्तर जुळवायला घेतलं. चांगलं झणझणीत उत्तर जुळलं तोवर ताईचं बोलणं आटोपलं होतं. कानावर पडलं ते एवढंच, की वर एक आकडा येतो, खाली एक येतो, बाजूला दिवा लागतो, हिरवा नाहीतर लाल, आणि रोज सकाळी मोजायचं.

"कळलं ना काकू?" ताईनं विचारलं.

"न कळायला काय झालं? यंत्रासमोर उभं राहून केस पांढरे झालेत माझे."

घरी आल्यावर तिनं सगळ्यांना बसवून समजावलं. वरचा आकडा आईचा, खालचा बाळाचा. जितका अंगात कस, तितका आकडा चढा.

तिचा नवरा बाजेवर आडवा पडला होता. घरात सगळे त्याला म्हातारा म्हणायचे, तोही स्वतःला म्हाताराच म्हणायचा. त्यानं एक डोळा उघडला. "ते बीपीचं तर नाही ना? आमच्या मामांना असाच पट्टा बांधायचे."

"बीपी म्हाताऱ्यांना असतो. पोरीबाळींना कुठला आलाय बीपी? तुम्ही झोपा."

म्हातारा झोपला. त्या घरात वाद घालण्यापेक्षा झोपणं स्वस्त पडायचं.

दुसऱ्या दिवशी धारा आटोपल्या आणि मोजणी सुरू झाली. आता सेंटरवरचा पहिला नियम असा, की नमुना घेण्याआधी दूध ढवळायचं. साय वर बसते, खाली पातळ राहतं. न ढवळता मापलं तर आकडा खोटा येतो. हे फॅटकाकूला कुणी शिकवायला नको होतं.

"अंगणाला फेऱ्या मार," ती सुनेला म्हणाली. "भरभर. रक्त ढवळून निघालं पाहिजे."

"आई, यंत्र लावायच्या आधी शांत बसायचं असतं ना?"

"शांत बसलं की साय धरते. चल, ऊठ."

सून पोट सावरत फेऱ्या मारायची आणि दम लागला की धारेच्या पाटावर टेकायची. फॅटकाकू पट्टा आवळायची, यंत्र घरघरायचं, आणि ती त्याच्यापुढे उकिडवी बसून पुटपुटायची, "चढ बाबा, चढ." सेंटरवरही ती असंच पुटपुटायची.

पहिल्या दिवशी आकडा बरा आला, दिवा हिरवा लागला. फॅटकाकूनं भिंतीवरून चौकशी केली, तर थोरलीच्या सुनेचा आकडा चांगलाच खाली! त्या दिवशी फॅटकाकूला जेवण गोड लागलं. कितीतरी दिवसांनी थोरलीपेक्षा काहीतरी जास्त होतं.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट झाली. फॅटकाकूचा लेक सायकलला कॅन बांधायला वाकला आणि त्याच्या खिशातला मोबाइल बुडुक करून दुधात गेला. लेकानं तो पुसला, फुंकला, शिव्या घातल्या आणि शेवटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. कुणीतरी सांगितलं होतं, तांदूळ ओल ओढून घेतो. घरात मोबाइल तेवढाच. रोजचे आकडे यंत्राच्या पोटातच साठत राहिले. शहरात काही पोचेना, आणि पोचत नाही हे घरात कुणाच्या लक्षातही येईना.

आकडा मात्र चढू लागला. फॅटकाकूला वाटलं, ही आपल्या हातची किमया. म्हशी खाईनाशा झाल्या की ती दावणीला मिठाचा खडा बांधायची; म्हैस तो चाटते, मग पाणी पिते, वैरण खाते, आकडा सुधारतो. मग माणसानं काय घोडं मारलंय? सुनेच्या ताटात दोन वेळा लोणचं आलं, ताकात मिठाची चिमूट आली, भातावर तुपासोबत मीठ आलं.

आणि एका सकाळी सून हळूच म्हणाली, "आई, लाल लागला."

"काय?"

"दिवा. लाल लागला."

"लाल!" फॅटकाकू अशी ओरडली की म्हशीनं दोर ताणला. "अहो, उठा! लाल लागला! आपल्याकडे लाल लागला!"

म्हातारा धडपडून उठला, काय पेटलं ते बघायला चूल गाठली आणि परत आला. तोवर फॅटकाकू साखरेचा डबा घेऊन गल्लीत पोचली होती. दारोदार चिमूट चिमूट साखर आणि एकच वाक्य, "आमच्या सुनेचा लाल आला हो, गावात पहिला." काय लाल, कसला लाल, बऱ्याच जणींना कळलं नाही, पण साखर मिळत असेल तर चौकशा करू नयेत एवढं सगळ्यांना कळतं. थोरलीच्या तळहातावर मात्र तिनं मूठभर ठेवली.

"आमचीचा अजून हिरवाच आहे," थोरली कसनुशी हसली. तिन्हीसांजेला ती मागच्या दारानं आली. "काय खायला घालतेस गं? सांग ना. भाऊबंदकी ती भाऊबंदकी, पण पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"घालते कसलं? कस उपजतच असावा लागतो," फॅटकाकू म्हणाली आणि लोणच्याची बरणी पदराआड केली.

सुनेचं तर नशीबच फिरलं. घरातली एकुलती एक खुर्ची तिला मिळाली. धारा बंद, शेण बंद, पाण्याची कळशी बंद. दुपारी सासू शेजारी बसून तिचे पाय चेपायची. बोट दाबलं की सुजलेल्या पायात खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. "कसे भरलेत बघा पाय," फॅटकाकू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. "अंग धरलंय पोरीनं. आमची सून म्हणजे काय, सोनं आहे सोनं." सून लाजून हसायची. कधी कपाळ दाबून धरायची, कधी भिंतीला टेकून डोळे मिटायची. फॅटकाकूला वाटायचं, उन्हानं होत असेल.

मग मोबाइल जिवंत झाला. लेकानं तो तांदळातून उकरला, चार्जिंगला लावला, आणि त्यानं डोळे उघडले. लेक कॅन भरत होता, सून नुकत्याच फेऱ्या मारून पाटावर बसली होती. बघता बघता फोन वाजला, तो फॅटकाकूनं उचलला.

"दवाखान्यातून नर्स बोलतेय," आवाज घाईत होता. "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"सासू. यंत्र मीच बघते."

"अहो, तुमचे सगळे आकडे आत्ता एकदम आले. आकडा फार वाढलाय!"

"वाढणारच!" फॅटकाकूनं पदर सावरला. फोटो काढणार असल्यासारखी ती ताठ बसली. "घरचं दूधतूप आहे बाई. गावात पहिला नंबर आहे आमचा."

पलीकडून खटाखट बटणं दाबल्याचा आवाज आला.

"काकू, लाल दिवा लागतोय का?"

"रोज! एक दिवस खाडा नाही. साखर वाटली आम्ही."

"काय वाटलं?"

"साखर. तुम्ही जवळ असता तर तुम्हालाही दिली असती."

"काकू," नर्सबाईंचा आवाज एकदम हळू झाला, "नीट ऐका. तो बीपीचा आकडा आहे. पोटुशीपणात बीपी वाढला तर आईच्या जिवाला धोका असतो. बाळाच्याही. लाल दिवा म्हणजे धोका. तिचं डोकं दुखतं का?"

फॅटकाकूनं सुनेकडे बघितलं. फोनमधला आवाज मोठा होता. सुनेला सगळं ऐकू जात होतं. तिनं मान हलवली आणि फॅटकाकूनं फोनमध्ये सांगितलं, हो.

"डोळ्यांपुढे चमकतं का?"

हो.

"पाय सुजलेत? चेहरा?"

सून मान हलवायची थांबली आणि खाली बघू लागली. फॅटकाकूनं सुनेच्या पायावर बोट दाबलं, खळगा बघितला आणि फोनमध्ये हो म्हणाली. बाजेवरचा म्हातारा उठून बसला होता, पण एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

"मोजण्याआधी शांत बसवता ना तिला?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही... ढवळते."

"काय करता?"

"फेऱ्या मारायला लावते," फॅटकाकू म्हणाली. आयुष्यात तिचा आवाज इतका बारीक कधी निघाला नव्हता.

नर्सबाईंनी एक मोठा श्वास घेतला. तो इकडे ऐकू आला. "बरं. त्यानंही थोडा वाढला असेल. तिला आत्ता पाठीला टेका देऊन बसवा. कुणी बोलू नका. थोडा वेळ जाऊ द्या, मग परत मोजा. मी फोनवरच आहे."

सून खुर्चीत टेकली. अंगण चिडीचूप झालं. लेक कॅनचं झाकण हातात धरून तसाच उभा राहिला. म्हशीनं हंबरायला तोंड उघडलं, तर म्हाताऱ्यानं धावत जाऊन तिच्यापुढे वैरण टाकली. भिंतीवर थोरलीचं डोकं आलं. "आज इतकं शांत का गं?" फॅटकाकूनं ओठांवर बोट ठेवलं, आणि थोरली खरंच गप्प झाली. दोघींच्या उभ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

पट्टा आवळला. यंत्र घरघरलं. जन्मभर यंत्रापुढे चढ, चढ म्हणत आलेली बाई आता हात जोडून म्हणत होती, "उतर. उतर रे बाबा."

आकडा थोडा उतरला. दिवा लालच राहिला.

"निघा," नर्सबाई म्हणाल्या. "अँब्युलन्स पाठवतेय, पण ती लांब आहे. मिळेल त्या गाडीनं शहराच्या रस्त्याला लागा. वाटेत भेटेल."

त्या वेळी गावात गाडी एकच असायची, दुधाची. लेक चपला न घालताच सेंटरकडे सुटला आणि गाडी दारात घेऊन आला. गाडीच्या मागोमाग सेंटरवाला आला, सेंटरवाल्यामागे रांगेतल्या सगळ्या बायका. गाडी कॅननी गच्च भरलेली. मांजर शिरायला जागा नाही.

"दूध नासेल," सेंटरवाला म्हणाला. "ऊन बघा. जबाबदार कोण?"

फॅटकाकू चढली गाडीत. पहिल्यांदा स्वतःच्या घरचे, काल संध्याकाळच्या धारेचे दोन कॅन तिनं ओढले आणि रस्त्यावर उतरवले. जिनं कधी दुधाचा थेंब जमिनीवर पडू दिला नाही तिच्या हातून एक कॅन कलंडला आणि दूध धुळीत वाहत गेलं. तिनं वळूनही बघितलं नाही. पुढचा कॅन लाल झाकणाचा होता, थोरलीचा. त्याच्यावर हात ठेवून ती थबकली.

"बघतेस काय? उतरव!" थोरली खालून ओरडली आणि पदर खोचून स्वतःच चाकावर चढली. दोघी जावांनी मिळून तो कॅन खाली ठेवला. मग बाकीच्या बायकाही पुढे झाल्या.

"अहो, पण दूध!" सेंटरवाला कळवळला.

"उद्या परत येईल दूध," थोरली म्हणाली. "म्हशी काय पळून चालल्यात? तू जा गं. तुझ्या धारा मी बघते."

गाडी निघाली. खाली गोधडी होती, पत्र्याला आंबट दुधाचा वास मारत होता, आणि सुनेचं डोकं सासूच्या मांडीवर. खड्डा आला की फॅटकाकू दोन्ही हातांनी ते डोकं धरून ठेवायची आणि ड्रायव्हरला शिव्या द्यायची. सावकाश चालवलं की सावकाश का म्हणून आणखी द्यायची.

"इतका त्रास होत होता तर बोलली का नाहीस गं?" तिनं शेवटी विचारलं.

सुनेनं डोळे मिटूनच उत्तर दिलं. "मला वाटलं होतं एकदा, काहीतरी चुकतंय. पण आई, तुम्ही दारोदार माझं नाव घेत होतात. आमची सून सोनं म्हणत होतात. पहिल्यांदाच. म्हटलं, अजून थोडे दिवस चालू दे."

फॅटकाकूनं सुनेच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. तिला रडू फुटलं, आणि ते तिनं लपवलंही नाही. "मेल्या माझ्या जिभेला काटे फुटले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "वाटेल तो आकडा येऊ दे तुझा. धार येऊ दे नाहीतर न येऊ दे. तू घरी परत ये म्हणजे झालं. ऐकतेस ना? डोळे उघड बघू."

सुनेनं डोळे उघडले. पुढे रस्त्यावर अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला.

दवाखान्यात इंजेक्शन झालं, गोळ्या सुरू झाल्या, सुनेला पडदे लावलेल्या शांत खोलीत ठेवलं. फोनवरच्या नर्सबाई प्रत्यक्षात सुनेपेक्षाही लहान निघाल्या, फॅटकाकूच्या खांद्याला जेमतेम लागतील एवढ्या. पण त्यांनी तिला व्हरांड्यात उभं करून असं झापलं की चार वॉर्ड ऐकत होते. फॅटकाकूनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मध्येच एकदा "बरोबर आहे" म्हणाली.

मग ती कॉटच्या पायथ्याशी मुक्कामाला बसली. पट्टा बांधायची वेळ झाली की आधी सगळ्या खोलीला गप्प करायची. शेजारच्या कॉटवरच्या पोरीच्या आईनं डबा उघडला, तर हिनं त्यातलं लोणचं जप्त केलं. "म्हशीला दे," असं वर सुनावलं. आकडा हळूहळू खाली येऊ लागला. रोज सकाळी लेकाच्या मोबाइलवरून गावाला फोन जायचा.

"आज उतरला गं!"

"किती?" थोरली विचारायची.

"अजून तुझ्या सुनेपेक्षा जास्तच आहे. पण उतरतोय."

"म्हणजे इतके दिवस मीच पुढे होते म्हण की!" थोरलीला आत्ता उलगडा झाला. "आणि मी तुझी साखर खाऊन रात्रभर तळमळले! म्हणजे साखर मीच तुला देणं लागते हो."

"होतीस बाई पुढे. हो," फॅटकाकू म्हणाली. असं कबूल करायला तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी कष्ट पडले.

आकडा एकदा उतरायचा, पुन्हा डोकं वर काढायचा. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही, बाळाला बाहेर घेऊ. सुनेला आत नेलं. फॅटकाकू दाराशी उकिडवी बसली. म्हातारा गावाहून आला होता. तोही शेजारी बसला आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा बसल्या जागी त्याला झोप लागली नाही. लेक व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता.

"बस की एका जागी," फॅटकाकू त्याच्यावर खेकसली. "उगाच ढवळू नकोस."

आतून रडणं ऐकू आलं. बारीकच, पण खणखणीत. दार उघडून त्याच छोट्या नर्सबाई बाहेर आल्या. मुलगी होती. आणि सून? सून शुद्धीवर होती, पाणी मागत होती, तिचा पट्टा हिरवा दाखवत होता. फॅटकाकूनं हे तीन वेळा विचारून घेतलं. मग तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि म्हाताऱ्याच्या धोतराला डोळे पुसले.

"या काकू, वजन करायचंय," नर्सबाई म्हणाल्या.

टेबलावर एक काटा होता. त्यावर बाळ ठेवलं. मूठ आवळलेली, पाय झाडत असलेलं, आजीसारखंच हाडकुळं. काट्यावर आकडे भराभर पळाले आणि एका जागी थांबले. लेक बघत होता, म्हातारा बघत होता. फॅटकाकूनंही बघितलं. ओठांवर आलेलं तिनं गिळलं, नर्सबाईंच्या जवळ सरकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं,

"बाई, हा आकडा जास्त असलेला चांगला, की कमी?"

नर्सबाईंना हसू आवरेना. "हा जास्त हवा काकू. थोडी हलकी आहे, पण काळजी नको. आईच्या दुधावर भरेल."

"नक्की ना? जास्तच ना?"

"नक्की."

फॅटकाकूनं पदर खोचला, काट्यापाशी वाकली आणि नातीच्या कानाशी तोंड नेलं.

"चढ बाई," ती म्हणाली, "चढ."